चुरींच्या वळणावरचा उंचवटा

आगाशीहून समुद्राकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हा एकनाथ चुरींची वाडी मधोमध कापली गेली. घर, विहीर आणि गोठा एका बाजूला राहिला. केळी, सोनचाफा आणि गाईला बांधायची सावली दुसऱ्या बाजूला. तेव्हापासून त्यांच्या पत्नी सावित्रीवहिनी सकाळी गाय घेऊन रस्ता ओलांडत आणि संध्याकाळी परत आणत. बैलगाडीच्या वाटेला कागदोपत्री महामार्गाचा दर्जा मिळाला होता. दर्जा बदलला तरी वळण तेच राहिले, आणि ते नेमके चुरींच्या दारात होते.

एकनाथभाऊ तेव्हा साठीचे होते, आता एकोणसत्तरचे. अकरावी झाल्यावर मुंबईत नोकरी मिळत होती, ती सोडून ते वाडीत राहिले. कुठल्या वाफ्याला किती वेळ पाणी सोडायचे हे ते घड्याळ न बघता सांगत. त्यांच्यात एकच दुर्गुण होता. मूर्खपणा दिसला की त्यांना चेहरा सांभाळता येत नसे. आणि दारात महामार्ग असल्यावर मूर्खपणाला तोटा नव्हता. शनिवार-रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्या वळणावर वेग कमी न करता नुसता भोंगा वाजवत निघत. "समुद्र काय पळून चाललाय?" असे ते ओट्यावरून ओरडत. बंद काचेआड कोणाला ऐकू जाणार!

गेल्या मे महिन्यात अशाच एका गाडीने त्यांची कपिला उडवली. गाडीतले लोक उतरले, त्यांनी बंपर बघितला, "जनावर असं मोकळं कसं सोडता?" असे विचारले आणि निघून गेले. कपिला मोकळी नव्हती. तिचे दावे वहिनींच्या हातात होते. त्या हिसक्याने वहिनी पडल्या आणि त्यांचा गुडघा कायमचा अधू झाला. आता उरली होती तांबू, आणि तीही गाभण. जड पोटाची गाय आणि लंगडणारी बाई, दोघींना रस्ता ओलांडायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागे. एकनाथभाऊंना वळणाच्या अलीकडे एक गतिरोधक हवा होता. बाकी काही नाही.

ते बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेले. तिथे सुमेध नावाचा तरुण अभियंता होता. त्याने संगणकात बघितले.

"काका, तुमचा स्पॉट नियमात बसत नाही. तीन वर्षांत ठरावीक मृत्यू व्हावे लागतात."

"किती कमी पडतात?"

"चार."

"आणि आमची गाय?"

"जनावरं धरत नाहीत."

"बरं. मग मी नि बायको जातो. उरलेले दोन तुम्ही खात्यातून द्या. नुसते बसलेले बरेच दिसतात इथे."

सुमेध हसला नाही. एकनाथभाऊही हसवायला आले नव्हते.

राहता राहिली रस्ता सुरक्षा समिती. तिचे अध्यक्ष दिनानाथ, बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षांपूर्वी नव्या इमारतीत राहायला आलेले. समितीने सुरक्षा सप्ताह साजरा केला होता. हेल्मेट न घातलेल्यांना गुलाब वाटले होते आणि जनावरांच्या शिंगांना चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तांबूने आपली पट्टी दोन मिनिटांत खांबाला घासून काढली. तेवढ्यात फोटो मात्र निघाला होता.

"वहिनींनी पाचशे पावलं पुढे जाऊन चौकात क्रॉस करावं," दिनानाथ म्हणाले. "शिस्त आपल्यापासून सुरू होते, एकनाथराव."

"गाईला सांगतो. समितीचा ठराव असेल तर द्या, तिला दाखवतो."

घरी परतताना एकनाथभाऊ रस्ता बघत चालले होते. रुंदीकरणानंतर कोणी पाण्यासाठी, कोणी केबलसाठी तो सहा ठिकाणी खोदला होता आणि प्रत्येक वेळी खात्याच्या ठेकेदाराने तो 'पूर्ववत' केला होता. सहाच्या सहा ठिकाणी उंचवटा होता. एक जागा चुकून सपाट राहिली असेही नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. विहिरीचे पाणी समोरच्या वाडीत नेण्यासाठी रस्त्याखालून पाइप टाकायची परवानगी हवी, जागा वळणाच्या अलीकडे. मंजुरी महिन्याभरात आली, कारण त्यात कोणाला मरावे लागत नव्हते.

समोरच्या वाडीला आजवर शेजारच्या वॉल्टरच्या बोअरचे पाणी जात असे. तो चौकशीला आला.

"काय रे एकनाथ, माझं पाणी खारट लागायला लागलं?"

"नाय रे. गोड आहे."

"मग पाइप कशाला?"

"खात्याच्या कामावर माझा विश्वास आहे."

वॉल्टर त्यांच्याकडे बघत राहिला. नंतर त्याची नजर सहाव्या उंचवट्याकडे गेली आणि तो खांदे हलवून हसू लागला.

मात्र कामाच्या दिवशी सुमेध स्वतः हजर झाला. "काका, मागच्या वेळी तुम्ही रागावून गेलात. आज मी उभा राहून लेव्हल करून घेतो. रस्ता आरशासारखा."

एकनाथभाऊंचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी माणूस काम नीट करील की काय, या भीतीने ते घामाघूम झाले. सावित्रीवहिनींनी सुमेधला चहा दिला, तर एकनाथभाऊंना तेही आवडले नाही. पण सुमेध त्यांच्या अंदाजाबाहेरचा निघाला नाही. खड्डा खणून पाइप बसला, आणि कोणीतरी मोठे साहेब किनाऱ्यावर येत असल्याचा फोन आला. सुमेध पंधराव्या मिनिटाला गेला. ठेकेदाराच्या माणसांनी उरलेली सगळी खडी आणि डांबर परत नेण्याचा त्रास वाचवून तिथेच ओतले, वरवर रोलर फिरवला आणि तेही गेले. वीतभर उंच, रस्ताभर लांब, सुंदर काम झाले होते.

एकनाथभाऊंनी लगेच झाडांना लावायचा चुना कालवला. कोणी दुचाकीवाला आपटू नये म्हणून उंचवट्यावर जाड पांढरे पट्टे ओढले आणि दोन्ही बाजूंना बऱ्याच अलीकडे लाल फडकी बांधलेल्या काठ्या रोवल्या.

पहिल्याच रविवारी गाड्या करकचून मंदावू लागल्या. काचा खाली आल्या, शिव्या ऐकू आल्या. दिनानाथांच्या गाडीचे पोट घासले. त्यांनी समितीच्या कागदावर तक्रार केली आणि सुमेधला घेऊन आले.

"हे बेकायदेशीर आहे. सपाट झालं पाहिजे."

"करा की," एकनाथभाऊ म्हणाले. "फक्त कागदावर लिहा, काम नीट झालं नव्हतं म्हणून."

सुमेधने हातातली फाइल मिटली. 'रस्ता समक्ष पाहिला, पूर्ववत आहे' अशी त्याची सही झाली होती.

"म्हणजे आता?" दिनानाथांनी विचारले.

सुमेधने उंचवट्यावर बूट आपटून बघितला. "सर, तसा तो गतिरोधकच दिसतो. समितीची मागणी होती असं पत्र मिळालं तर नियमित करून टाकू. बोर्डही लावू."

दिनानाथांनी क्षणभर विचार केला. "बोर्डवर समितीचं नाव येईल?"

पंधरा दिवसांत बोर्ड आला. चुन्याच्या जागी रंग आला. नियमातले चार मृत्यू कुठे गेले, हे कोणी विचारले नाही. दिनानाथांनी बोर्डाला हार घातला आणि त्याचाही फोटो निघाला. एकनाथभाऊ ओट्यावर बसून पान लावत होते. बोलावले तरी ते उठले नाहीत.

तांबू श्रावणात व्याली. आठ-दहा दिवसांनी सावित्रीवहिनी तिला आणि वासराला घेऊन पहिल्यांदा समोर निघाल्या. एकनाथभाऊ मागून चालत होते. गाड्या दोन्ही बाजूंना थांबल्या. सर्वांत पुढे दिनानाथांची होती. त्यांनी काच खाली केली.

"बघा एकनाथराव, समितीने मनावर घेतलं की कामं होतात!"

"आभार तरी माना," वहिनी हळूच म्हणाल्या. "मोठा माणूस आहे."

वासरू रस्त्याच्या मधोमध थांबून उंचवटा हुंगत होते. वहिनी दावे ओढू लागल्या, तसे एकनाथभाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ओढू नको. दमाने येऊ दे त्याला. मोठा माणूस थांबेल."

मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. एकनाथभाऊंनी वळूनही बघितले नाही.