नऊ ठिकाणी एकच ओळ

संशय घेणं मी आईकडून शिकलो. इतवाऱ्यातल्या चक्कीवर उपासाचा राजगिरा दळायला गेली की ती आधी विचारायची, "आत्ता काय दळलं?" गहू म्हटलं की डबा उचलून सरळ घरी.

मी घरी बसून नऊ लहान प्रोग्राम सांभाळायचो. सगळे फुकट, कोड उघडा, कुणीही बघावा, सुधारणा सुचवावी. त्यातला एक पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. नेपानगरच्या एक अंध शिक्षिका त्यावर रोज सकाळी धडा ऐकून शाळेत जायच्या.

एका दुपारी कुणा अनोळखी माणसाने नऊही ठिकाणी एकच ओळ पाठवली. दुसऱ्यांचा कोड आणून आपल्या प्रोग्रामला जोडणारा पॅकेज मॅनेजर असतो, त्याची आवृत्ती ठरवून टाका, नवी येईल ती आपोआप घेऊ नका, एवढंच. माझ्या मनात पाल चुकचुकली. नऊ घरचं काम, तेही फुकटात? आईला सांगितलं तर म्हणाली, "मतलब असंन काही तरी त्याचा. बिना मतलब कोण करते?" मी नऊही सुधारणा नाकारल्या आणि वर खोचकपणे लिहिलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?" उत्तर आलं नाही. बघा, म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

आठवड्याने मी त्या वाचणाऱ्या प्रोग्रामची नवी प्रत काढली. मधल्या काळात पॅकेज मॅनेजर बदलला होता आणि आवाजाच्या फाइली आणायचंच त्याने सोडलं होतं. मला पत्ता नाही. दुसऱ्या सकाळी बाईंचा फोन.

"भाऊ, हे तर बोलतच नाही हो. पहिलाच तास माझा आहे."

त्या दिवशी त्यांनी धडा मुलांकडून वाचून घेतला. मुलं मधलं पान गाळून हसत होती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. फार लाज वाटली. माणसाची झडती घेतली, पण ज्या यंत्रातून सगळं दळून येत होतं त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं.

माफी मागून त्या माणसाला लिहिलं, ती ओळ पुन्हा पाठवाल का? या वेळी लगेच उत्तर आलं. "आता तुम्हीच घाला. माझ्याकडून आली तर परत शंका येईल."

मी घातली, नऊही ठिकाणी, आधीची चालणारी आवृत्ती ठरवून. दुपारी प्रोग्राम बोलू लागला. बाईंनी विचारलं, "कोणाच्या ध्यानात आलं हो हे? नाव तर सांगा."

मला सांगता येईना. कुणी पाठवलं हे विचारलं होतं, नाव विचारलंच नव्हतं.