सुमनमावशींचं इंग्रजी

सकाळची बॅच सुरू होती. जालन्याच्या मस्तगडातल्या एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. फळ्यावर वाक्य अर्धं लिहून झालं होतं आणि प्रतिभाचा फोन आला. "मॅडम, आई गेल्या..." एवढंच ती बोलली. मी मुलांना सुट्टी दिली. मुलं पटापट जिना उतरून गेली आणि मी तशीच उभी राहिले. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

प्रतिभाची सासू म्हणजे सुमनमावशी. माहेर टेंभुर्णीचं. लग्नानंतर जालन्यात आल्या, मुलींच्या एका वसतिगृहात पंचवीस वर्षं स्वयंपाक केला. शिक्षण सातवीपर्यंत. वर्गात आल्या तेव्हा साठी ओलांडलेली होती. दारात चप्पल काढून "जयभीम मॅडम" म्हणाल्या आणि कॉलेजच्या पोरापोरींमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मागून कुणीतरी हसलं. मला वाटलं, नातवंडांशी बोलायचं असेल. तसं विचारलं, तर म्हणाल्या, "मला बोलायला न्हाई शिकायचं. समजायला शिकायचंय. ज्या बोलण्यात शब्द एक आन् अर्थ दुसराच असतो ना, तेवढंच शिकवा."

मला ते जरा विचित्र वाटलं. आधी साधी वाक्यं, क्रियापदं, मग वाक्प्रचार, असा माझा क्रम ठरलेला. पण वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या आणि कारण सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात होते. मुलगा औषधं आणायला खाली गेलेला. डॉक्टर आले, तपासलं आणि जाता जाता म्हणाले, "मॅटर ऑफ डेज."

"डेज म्हंजी दिवस, एवढं मला येत होतं," मावशी सांगत होत्या. "म्या म्हणलं, चला, थोड्या दिवसाचीच गोष्ट हाये, मंग सुट्टी. पोराला तसंच सांगितलं. त्याला दवाखान्यात बसवून घरी आल्ते मी. गादी उन्हात टाकली, भिंतीला चुना मारला. तिकडं दवाखान्यात हे सारखं म्हणून राह्यले, भावाला बोलवा, भावाला बोलवा. दोघा भावांचं बोलणं बंद होतं किती वर्षं. म्या म्हणलं, जल्दी काय हाये? घरी गेल्यावर भेटा की निवांत..." त्यांनी पदर नीट केला. "डाक्टर सांगत होता, आता थोडेच दिवस उरले. चौथ्या दिवशी गेले. दीर आले ते मातीलाच."

दुसऱ्या दिवसापासून मी माझा क्रम बाजूला ठेवला.

डॉक्टर लोक काय काय बोलतात ते मी शोधून आणायचे आणि मावशी ते देवनागरीत उतरवून घ्यायच्या. 'आउट ऑफ द वूड्स' म्हणजे संकटातून बाहेर, असं सांगितलं तर म्हणाल्या, "जंगलातून बाहेर? पेशंट काय शिकारीला गेल्ता?" सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. 'टच अँड गो' म्हणजे जगेल की जाईल सांगता येत नाही अशी अवस्था, पण ते त्यांना कितीतरी दिवस हात लावून निघून जाणं वाटायचं. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम, हे ऐकून त्यांनी आपला 'हातचा मळ' वर्गाला ऐकवला. पुढं पुढं पोरंच त्यांच्यासाठी नवनवीन वाक्प्रचार घेऊन यायला लागली. एकदा मी 'आज-उद्याचा सोबती' हा आपला शब्दप्रयोग सांगितला तर मावशींनी तोही उतरवून घेतला. मग म्हणाल्या, "आपन तरी कुठं सरळ बोलतो? गेला म्हणतो. कुठं गेला? पण आपलं आपल्याला कळतं, एवढाच फरक."

वर्षभरात त्यांची कीर्ती झाली. गल्लीत कुणाला दवाखान्यात ठेवलं की मावशींना बोलावणं यायचं. शेजारच्या एका बाईच्या भावाबद्दल डॉक्टर म्हणाले, अजून 'आउट ऑफ द वूड्स' नाही. नातेवाईक मान हलवून निघाले होते, तेवढ्यात मावशी पुढं झाल्या. "डाक्टरसाहेब, मला समजलं, पण तुमच्या तोंडून मराठीत सांगा. माणूस यांचा हाये." डॉक्टर क्षणभर चपापले आणि खुर्ची ओढून बसले. अर्धा तास समजावून सांगितलं. तो भाऊ पुढं बरा झाला. ती बाई अजून ते सांगताना डोळे पुसते.

मग मावशींच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा प्रतिभा खाटेच्या पायथ्याशी बसलेली. डॉक्टरांनी मला मावशींच्या इंग्रजीच्या मॅडम म्हणून ओळखलं, बाजूला घेतलं आणि हळूच इंग्रजीत म्हणाले, आता 'लेट नेचर टेक इट्स कोर्स'. प्रतिभा माझ्या तोंडाकडं बघत होती. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते मी, पण त्या एका वाक्याचं मराठी माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "बघू... होईल सगळं ठीक."

मावशींचे डोळे मिटलेले होते. तसेच मिटलेले ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, मला कळलंय. आता तिला खरं सांगा. बिलकुल खरं."

मी प्रतिभाचा हात धरला आणि सांगितलं. साध्या शब्दांत, की आता औषधाचा उपयोग नाही, आई थोड्याच दिवसांच्या आहेत. ती रडली, मग तिनंच टेंभुर्णीला आणि मावशींच्या दिरांना कळवलं. दुसऱ्या दिवशी मावशींची बहीण आली, दोघे भाऊ आले, दीरही आले. दिरांना मावशींनी जवळ बसवलं. "तुमच्या भावानं तुमचं नाव काढल्तं," म्हणाल्या. "लई येळा. चूक माझ्या ऐकण्यात झाली." दिरांनी मावशींच्या पायांवर चादर ओढली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. त्यानंतर तीन दिवसांनी मावशी गेल्या.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर प्रतिभानं मावशींचा साधा बटणांचा मोबाईल माझ्या हातात दिला. "लोक फोन करून राह्यले मॅडम. मला काय सांगावं कळत न्हाई." मी तो वर्गातल्या टेबलावर ठेवलाय, रोज चार्ज करते. गेल्या आठवड्यात शहागडहून एका बाईचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सुमनबाई हायेत का? डाक्टर काहीतरी म्हणला इंग्रजीत..."

"त्या नाहीत," मी म्हणाले, "वारल्या. पण तुम्ही फोन ठेवू नका. डॉक्टर काय म्हणाले, जसंच्या तसं सांगा. सावकाश."