सगळेच फिल्टर गोल असतात

आईचा फोटो काचेला चिकटला होता. भिंतीला ओल धरली आणि कोपऱ्यातून निघालेली बुरशी तिच्या खांद्यापर्यंत पोचली. स्टुडिओवाला म्हणाला, काच काढली तर चेहराही सोलून येईल. झालं! त्या दिवसापासून बाबांनी फोटो भिंतीवरून उतरवूच दिला नाही. निगेटिव्ह कधीच गहाळ झालेली. म्हणजे बुरशी चेहऱ्यावर चढण्याआधी, भिंतीवर आहे तसाच, काचेतूनच फोटोचा फोटो काढायचा. आईचा आवाज हल्ली मला आठवावा लागतो, आपोआप कानात येत नाही. निदान चेहरा तरी जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

पण बाजूला खिडकी, त्यामुळे काचेत आईपेक्षा खिडकीच जास्त दिसायची. ही चकाकी घालवायला पोलरायझर फिल्टर लागतो, एवढं मला ठाऊक होतं. लिनियर घ्यावा की सर्क्युलर, यासाठी वाघोलीला घरी बसून मी आठवडाभर इंटरनेट उपसलं. शेवटी सर्क्युलर मागवायचं ठरवलं आणि बाबांना फोन केला.

"सर्क्युलर म्हणजे गोल," बाबा म्हणाले. "मग माझा काय चौकोनी आहे?"

त्यांच्या जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्याचा फिल्टर लिनियर होता.

"अहो बाबा, ते नाव आकाराचं नाही. फिल्टरमधून प्रकाश कसा बाहेर पडतो, त्याचं आहे. लिनियर लावला की माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस गोंधळतो. उजेडाचं मापही चुकतं."

"तुझी आई भिंतीवर आहे, पळत नाहीये. फोकस हाताने कर. हात दिलेत ना देवाने?"

आता या माणसापुढे कोण डोकं फोडणार? त्यातून म्हणणं बरोबर, म्हणजे आणखीच चिडचिड. रविवारी स्वारगेटच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे गेले. त्यांचा फिल्टर माझ्या लेन्सवर चपखल बसला. समोरून चकाकी जात नाही, तिरकी उभी राहा, हेही त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीतून सुनावलं.

मी तिरकी उभी राहिले आणि फिल्टरची कडी हळूहळू फिरवू लागले. काचेतली खिडकी विरली. मग खुर्ची गेली, बाबांचा पांढरा शर्ट गेला, आणि आतून आई वर आली. हनुवटीवरचा तीळ, फोटोसाठी आवरून धरलेलं हसू. मला भडभडून आलं. किती दिवसांनी तिचे डोळे नीट दिसत होते! फोकस हातानेच केला आणि फोटो घेतला.

"बाबा, आली बघा आई."

त्यांनी चष्मा वर सरकवून कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला.

"आणि मी कुठे गेलो?"

"तुम्ही काचेत दिसत होतात. फिल्टरने तेच तर घालवलं."

"हं."

उभा जन्म कॅमेरा त्यांच्याच हातात. लग्नातला एक सोडला, तर दोघांचा एकत्र फोटो आमच्या घरात नाही. कॅमेरा माझ्याकडे देऊन ते खुर्चीत जाऊन बसले, शर्टाची कॉलर नीट केली आणि काचेकडे बघत म्हणाले, "आता तो फिल्टर काढ. आणि अजून एक घे."