दहा मीटरची दोरी

कागदगिरणीच्या भांडारात स्टोअरकीपरनी एकतीस वर्षं काढली होती. मोजल्याशिवाय त्यांनी कुणाला साधा स्क्रू दिला नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं तेव्हा मात्र त्यांना एकच प्रश्न छळू लागला. उद्या आपली सही कुणी मागणार नसेल, तर सकाळी उठायचं कशाला?

हे दुखणं त्यांनी गिरणीसमोरच्या शिंप्याला सांगितलं. तो त्यांचा शाळेपासूनचा मित्र. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरनं उत्तर देण्याऐवजी त्यांच्या कमरेला टेप लावली.

"बेचाळीस! दर वर्षी तुझी पँट उसवून माझे डोळे गेले. उद्यापासून तळ्याभोवती पळायचं. मीही येतो."

फेरी मोजल्याशिवाय स्टोअरकीपर पाऊल उचलेनात. फोन दाखवेल ते अंतर त्यांना मंजूर नव्हतं. शेवटी मास्तरनं दहा मीटरची दोरी कापून आणली. तो दोरी टाकत गेला, हे वहीत रेघा ओढत गेले. नव्वद दोऱ्या, म्हणजे नऊशे मीटर. खाली तारीख, सही.

पहिला आठवडाभर स्टोअरकीपर पळताहेत, असं फक्त त्यांचं स्वतःचं मत होतं. काठी टेकत चाललेल्या एका आजीबाईंनी त्यांना मागे टाकलं आणि वर विचारलं, "काही हरवलंय का हो?" पण मास्तर शेजारी होता. गिऱ्हाइकं माप देताना पोट कसं आत ओढतात, हे तो पळता पळता सांगे आणि यांचा उरलासुरला दम हसण्यात जाई. आठ महिन्यांत फेरी आठ मिनिटांवर आली. गजराआधी जाग यायला लागली. सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न कधी मागे पडला ते कळलंही नाही.

मग एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची जाहिरात आली. तीन तासांत पोचेल त्याला पदक. स्टोअरकीपरनी वहीवरून गणित केलं: तीन तास सात मिनिटं. सात मिनिटं कमी पडत होती. तरी अख्ख्या गिरणीला सांगून ते मोकळे झाले. घरी बायकोनं भिंतीत खिळा ठोकला.

"अहो, पदक नाही आलं तर पिशवी अडकवीन म्हणते."

शर्यतीत पहिल्या किलोमीटरची पाटी लवकर आली. दुसरीही. हिशेबाप्रमाणे पाटीला जवळपास नऊ मिनिटं लागायला हवी होती; ती आठात येत होती. सहाव्या पाटीपाशी त्यांच्यातल्या स्टोअरकीपरला राहवेना. ते थांबले आणि पाणी देणाऱ्या मुलीला म्हणाले, "तुमच्या पाट्या चुकल्यात. प्रमुखांना बोलवा. लेखी तक्रार द्यायची आहे."

"काका, पळा ना! वेळ जातोय."

"वेळ जाऊ दे. माप म्हणजे माप."

मास्तर बाही ओढून दमला. प्रमुख आले, कागद आला, पेन मिळेना. तेव्हा कुठे मास्तर खाली मान घालून म्हणाला, "अरे, पाट्या बरोबर आहेत. दोरी चुकलीय. ती अकरा मीटरची होती."

"काय?"

"कापताना हात सवयीनं पुढे गेला. शिवणीसाठी कापड जास्त सोडतो, तशी मीटरभर माया सुटली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं; पण तू सही केली होतीस. सांगितलं असतं, तर फेरीमागे नव्वद मीटर तू नक्की कमी पळाला असतास."

स्टोअरकीपरनी घड्याळ पाहिलं. म्हणजे ते तीन तासांच्या आत सहज पोचणार होते. आणि इथे अकरा मिनिटं तक्रारीत गेली होती.

"पळ, गाढवा!" मास्तर ओरडला.

ते पळाले. तोंड कोरडं पडलं, पोटऱ्यांत गोळे आले, मास्तरनं काढलेली जाड्या वकिलाच्या कोटाची गोष्टही धड ऐकू आली नाही. पोचले तेव्हा तीन तासांवर दोन मिनिटं झाली होती. पदकांची खोकी बंद करून माणसं चहा पीत होती.

"तू पुढे का नाही गेलास?" स्टोअरकीपरनी विचारलं.

"आणि तुझ्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही कुणी केली असती?"

खिळ्याला पिशवी लागली. गिरणीत आठवडाभर जो तो त्यांना पाटी कुठे लावू, असं विचारत होता.

पुढच्या सोमवारी मास्तर तळ्यावर लोखंडी टेप घेऊन आला. "चल, नीट मोजू. वहीत दुरुस्ती कर."

स्टोअरकीपरनी वही आणलीच नव्हती. बुटाची नाडी आवळत ते म्हणाले, "टेप ठेव खिशात. फेरी नऊशेचीच आहे. आणि त्या जाड्या वकिलाच्या कोटाचं काय झालं, ते अर्धंच राहिलंय."