अरेबिकात थोडी रोबस्टा

कॉलेजात असताना मी खडकीला मामाकडे राहायचे आणि संध्याकाळी कॅम्पातल्या एका कॉफीच्या दुकानात काम करायचे. मी भंडाऱ्याची. कॉफी म्हणजे पाहुणे आले की जायफळ घालून करायचं गोड दूध, एवढंच मला माहीत. दुकानाचे मालक म्हैसूरहून येऊन पुण्यात रुळलेले. मी त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर दोन बिया ठेवल्या.

"ही लांबट, मधली रेघ वाकडी. अरेबिका. ही गोल, रेघ सरळ. रोबस्टा."

मग रोज दोन्ही कॉफ्या कोऱ्या पाजल्या. अरेबिका नाजूक, जराशी आंबट, वासाला सुरेख. रोबस्टा कडू, दाट. घोट गिळल्यावरही जिभेवर राहायची. मी एकदा तिला हलकी म्हणाले, तर काका म्हणाले, "हलकी नव्हे. तिचं काम वेगळं आहे."

पुढे खराडीच्या एका आयटी कंपनीत प्रशासन विभागात मला नोकरी लागली. तिथे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे. आपण दुकानात पुड्या बांधायचो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

लग्न झालं, मुलगी झाली. काही वर्षांनी ऑफिसात कॉफीची नवी मशीन बसवायची ठरली. पूड पुरवणाऱ्यांना नमुने घेऊन बोलावलं, त्यात काका आले. त्यांनी मला पाहिलं. मी हातातल्या कागदांकडे बघत राहिले. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. "नमस्कार मॅडम," एवढंच ते म्हणाले.

मॅनेजरांनी विचारलं, "यात रोबस्टा आहे? ती स्वस्त असते ना?"

"असते. पण तुमच्या मशीनमध्ये दूध भरपूर. नुसती अरेबिका दुधात हरवून जाईल. थोडी रोबस्टा हवीच."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी म्हणाले, "मशीनच्या पाटीवर नुसती अरेबिका लिहिलेलं बरं दिसेल."

काकांनी डब्यांची झाकणं लावली, आभार मानले आणि गेले.

ऑर्डर दुसऱ्या पुरवठादाराला मिळाली. नव्या मशीनची कॉफी पाणचट लागायची. लोक फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला जाऊ लागले. दोन महिन्यांनी पुरवठादाराने गुपचूप पूड बदलली. पहिल्याच घोटाला मी ओळखलं, रोबस्टा आली होती. त्या शनिवारी मी काकांच्या दुकानात गेले.

"माझं चुकलं, काका."

"चुकलंच. ऑर्डर गेली त्याचं एवढं नाही. ओळख का दाखवली नाहीस?"

"लाज वाटली."

"दुकानाची?"

मी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याची पूड त्यांनी दळून दिली. मी तशीच उभी राहिले. मी निघताना ते म्हणाले, "येत जा." आवाजात राग नव्हता, पण पूर्वीची मायाही नव्हती.

सोमवारी मॅनेजरांना सगळं सांगितलं. "मग तेव्हाच बोलायचंस," म्हणून ते स्क्रीनकडे वळले. पुरवठादाराशी करार वर्षाचा होता. तो संपत आला तसा नव्या ऑर्डरसाठी मी काकांना फोन लावला. दुकान बंद करून त्यांनी भाजायचं यंत्र विकून टाकलं होतं. हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग फोनमध्ये माझ्या मुलीचा आवाज ऐकून ती कुठल्या शाळेत जाते ते विचारलं.