आप्पांच्या नावाने गेलेला मेल

काही तपास वर्दी उतरवल्यावरही मनातून उतरत नाहीत. तेरखेड्याकडचं हे प्रकरण त्यातलंच. सांगताना माझी छाती आजही फुगते, आणि ती फुगू द्यावी असंच मला वाटतं.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात फटाक्यांचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई ठाण्यात आल्या. तिथल्या उत्पादकांच्या एका छोट्या संघाच्या पत्त्यावरून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मेल गेला होता: या बाईंचा माल सुरक्षा चाचणीत नापास झालाय, उचलू नका. खाली संघाच्या सचिवांचं नाव. व्यापाऱ्यांनी ऑर्डरी रद्द केल्या होत्या आणि बाईंचा अख्खा हंगाम बुडायला आला होता.

"आप्पांनी केसानं गळा कापला, साहेब," बाई रडत म्हणाल्या. "ह्याच माणसानं मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली व्हती."

सचिव आप्पांना बोलावलं. साठी उलटलेली, कपाळावर भस्माचे पट्टे. जबाबात म्हणाले, "म्या न्हाय धाडलं हो. पण पत्ता आमचाच, नाव माझंच. गावात कुणी बोलंना झालंय."

गुन्हा दाखल झाला होता. अटक का नाही, म्हणून वरून फोन येत होते. मी घाई केली असती तर माणूस आयुष्यातून उठला असता.

मला कॉम्प्युटरचा भारी नाद. ठाण्यातली मंडळी मागून मला 'कीबोर्ड साहेब' म्हणायची आणि मला ते ठाऊक नाही असं समजायची. मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहून ठेवली होती. मेलच्या पत्त्यात शेवटी जे संस्थेचं नाव येतं, त्याला डोमेन म्हणतात. त्याच्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. आमच्या नावाने फक्त या सर्व्हरवरून मेल जाईल, ही एक नोंद. दुसरीकडून आला तर परत फेका, ही दुसरी. या नोंदी आहेत की नाहीत, ते स्क्रिप्ट तपासायची. संघाचं डोमेन टाकलं, तर दोन्ही जागा रिकाम्या! म्हणजे पासवर्ड न चोरता कुणीही आप्पांच्या नावाने मेल पाठवू शकत होतं. मूळ मेलच्या तांत्रिक तपशिलात भलत्याच, भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता निघाला. तो सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला नोटीस धाडली आणि नोंदींबद्दल मी तोंड शिवून बसलो.

मग माल घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे जबाब सुरू झाले. जो तो म्हणे, आप्पांचा पासवर्ड फुटला असेल. नळदुर्गचा एक दलाल मात्र चहा फुंकत म्हणाला, "पासवर्ड कशाला लागतोय, साहेब? त्या संघाच्या नावाला राखणच न्हाय. कुणीबी पाठवावं."

"तुम्ही ते कधी तपासलंत?" मी विचारलं.

चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. कंपनीचं उत्तर आलं, त्यात सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याचा म्हणून त्याचाच मोबाइल नंबर होता. मग पठ्ठ्या पोपटासारखा बोलला. अडकलेला माल पडत्या भावात उचलायचा त्याचा डाव होता.

त्याला कोठडीत टाकून मी थेट संघाच्या कार्यालयात गेलो. सगळ्यांना जमवलं आणि संघाच्या लेखी परवानगीने माझ्या लॅपटॉपवरून एक मेल सोडला. बाईंचा मोबाइल वाजला. पडद्यावर आप्पांचं नाव, आणि आप्पा समोर हात जोडून बसलेले! बाईंनी जाऊन त्यांचे पाय धरले.

"चुकलं, आप्पा."

"ऊठ पोरी. तुझ्या जागी म्याबी तेच मानलं असतं."

संघाने दोन्ही नोंदी घातल्या. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टने दोन्ही ठीक दाखवल्या. मी पुन्हा तसाच मेल सोडला. सगळे बाईंच्या मोबाइलकडे डोळे लावून बसले. मोबाइल गप्पच. "आला न्हाय!" आप्पा लहान मुलासारखे ओरडले, आणि लांब माळावर कुणीतरी लड लावली. परवाना विचारायचं मी त्या दिवशी विसरलो.

पडद्यावरचं नाव हा पुरावा नसतो, तो फक्त दावा असतो. तो तपासल्याशिवाय कुणाच्या हातात बेडी घालू नये, हे मी तिथं शिकलो आणि पुढे प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला शिकवलं. व्यापारी परत आले. बाईंच्या मालाचा पहिला ट्रक निघाला, तेव्हा बाईंनी फोडायचा नारळ आप्पांच्या हातात दिला.