पिरोजाचं कडं, पुरुषाचं

माझ्या लोरीन मावशीने आयुष्यात एकदाच पिरोजाचं कडं विकत घेतलं. त्या दिवशी तिची गाडी मी चालवत होते, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

मावशी चौतीस वर्षं चिन्ली गावच्या शाळेत स्वयंपाकाला होती. पहाटे उठून तीनशे पोरांचा नाश्ता करायची आणि घरी आल्यावर स्वतः कॉफीत पाव बुडवून खायची. नवरा रेल्वेच्या रुळांवर काम करायला म्हणून गेला आणि कॅन्ससमध्ये दुसरं बिऱ्हाड करून तिकडेच राहिला. त्याच्याबद्दल ती वाईट बोलायची नाही, चांगलंही नाही. मुलगा एकच. तो फीनिक्सला वेल्डिंगचं काम करायचा. बुधवारी घरी येताना त्याची गाडी बर्फावरून घसरली. एकतीस वर्षांचा होता. त्याचं नाव मी घेणार नाही. गेलेल्याचं नाव आम्ही नवाहो आदिवासी लोक घेत नाही, आणि आजकालची पोरं बिनदिक्कत घेतात त्याचा मला राग येतो.

शनिवारी सकाळी गॅलप शहरातून फोन आला. दफनाची तयारी करणाऱ्यांचा होता. सोमवारी दफन, तेव्हा अंगावर घालायचं सगळं आज चारच्या आत आणून द्या. आमच्यात माणसाला नवे कपडे, नवे बूट आणि पिरोजा घालून पाठवतात. पिरोजा अंगावर नसेल तर पलीकडचे त्याला आपल्यातला म्हणून ओळखणार कसे? शर्ट आणि बूट झाले होते. कडं राहिलं होतं.

कडं त्याच्याकडे कधी नव्हतंच. शाळा संपली की घेऊ, असं मावशी म्हणायची. शाळा संपली तेव्हा पाण्याची टाकी फुटली. नोकरी लागली की घेऊ, तर तेव्हा गाडीचं इंजिन बसलं. पुढे तोच म्हणायला लागला, "आई, वेल्डिंग करताना हातात कडं घालून मी काय भाजून घेऊ?" त्यावर दोघं हसायची, आणि ते राहूनच गेलं.

गाडीत मावशी हवामानाच्या बातम्या द्याव्यात तशी बोलत होती. रस्ता सुका आहे. पेट्रोल अर्धं आहे. तीन दिवसांत ती रडली नव्हती. मीही नव्हते. तो माझा भाऊ. आमच्यात मावशीचा मुलगा सख्खाच असतो. तरी आत काही हलत नव्हतं, आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही याची मला लाज वाटत होती.

गॅलपमधल्या पहिल्या दुकानात मालकाने मखमलीच्या तबकात जुनी कडी मांडली. चांदी काळवंडलेली, कडा झिजून मऊ झालेल्या.

"कोणासाठी बघताय, बाई?"

"मुलासाठी," मावशी म्हणाली. "घरी येतोय."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"मग हे घ्या. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे. हे ठशाचं काम बघा, आता असा हात उरला नाही कोणाचा."

"कोणाचं होतं?"

"आता कोण सांगणार! मालक कधीच वर गेले असतील," तो खुशीत म्हणाला. त्याच्या हिशेबाने त्यामुळे किंमत वाढत होती.

मावशीने कड्याला बोटही लावलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "नवं बघू." एका गेलेल्याची वस्तू दुसऱ्या गेलेल्याच्या हातात कोण घालणार? पण ते शब्द तिला उच्चारायचे नव्हते, मलाही नव्हते.

मग आम्ही शनिवारच्या बाजारात गेलो. तिथे नवी कडी ढिगाने होती, आणि ढिगाने खोटी. मावशी एकेक कडं उचलायची, उलटं करून बघायची आणि खडा गालाला लावून धरायची. खरा खडा थंड राहतो, प्लास्टिक लगेच कोमट होतं. ती डोळे मिटून उभी राहायची, आणि मला वाटायचं की ही आता इथेच झोपून जाईल.

विकणारी बाई आमच्यातलीच, जाडजूड आणि तोंडाळ. "ओ आई, गालाला काय लावताय? पावडर आहे का ती?"

"पावडर तरी खरी असते," मावशी म्हणाली. "हे प्लास्टिक आहे."

"तुम्हाला भारी कळतंय!"

"चौतीस वर्षं सरकारने पाठवलेलं नकली चीज वाढलंय मी पोरांना. खोटं कळतं."

बाई खो खो हसली. एरवी मावशीही हसली असती. तिने कडं जागेवर ठेवलं आणि चालायला लागली. मी मटण घातलेली गरम रोटी आणून दिली, ती तिने हातात धरून धरून गार केली आणि शेवटी बाजारातल्या कुत्र्याला घातली. मी ओरडले, "मावशी, कालपासून पोटात काही नाही तुझ्या!" ती म्हणाली, "त्याला भूक होती."

तिसरं ठिकाण नादिरचं दुकान. त्याचे वडील पॅलेस्टाइनहून येऊन इथे स्थायिक झालेले. नादिर दुकानापुरती आमची भाषा बोलतो, आणि शिव्या अगदी अस्खलित देतो. मागच्या बाजूला खिडकीपाशी डेल्बर्ट नावाचा आमचाच एक कारागीर बसतो, चाळिशीतला, जाड भिंगाचा चष्मा लावून. मुलगा घरी येतोय, असं मावशीने इथेही सांगितलं, तेव्हा नादिरने डेल्बर्टच्या हातचं एक कडं काढलं. रुंद, जड, मध्ये एकच हिरवट निळा खडा, त्यावर तपकिरी शिरा. मावशीने ते उलटं करून बघितलं. गालाला लावलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"हे," ती म्हणाली.

"शाब्बास! डोळा आहे बाईंना," नादिर म्हणाला. "मनगट केवढं मुलाचं?"

मावशीने खडा अंगठ्याने पुसला.

"सात इंच? साडेसात?"

"पुरुषाचं," मावशी म्हणाली.

"अहो, पुरुषाचं म्हणजे माझं का हत्तीचं? डेल्बर्ट, ये बाबा इकडे."

डेल्बर्ट हात पुसत आला. आधी रीत झाली. ती कोणाशीही चुकत नाही. त्याने आपल्या आईचं कूळ सांगितलं, मग बापाचं. मावशीने आपलं सांगितलं. आईकडून दोघंही कडव्या पाण्याच्या कुळातले निघाले.

"म्हणजे तुम्ही माझ्या आईच लागता," डेल्बर्ट हसून म्हणाला. "मग भाव नादिरच्या खिशातून पाडू. उंची केवढी पोराची?"

"तुझ्याएवढी."

"झालं तर मग. मीच घालून दाखवतो," असं म्हणून त्याने कडं उचललं आणि डावा हात पुढे केला.

इथे मला थांबवायला हवं होतं. मी नुसती उभी राहिले. जाणाऱ्यासाठी घेतलेली वस्तू जिवंत माणसाने अंगावर चढवायची नसते. तसं झालं तर ते कडं वाया, आणि डेल्बर्टला घरी जाऊन शुद्धीचं सगळं करायला लागणार. पण त्याला अडवायचं तर ते बोलायला हवं होतं. सकाळपासून मावशी "घरी येतोय" म्हणत आली होती. मला तेव्हा कळलं, की ती लोकांना सांगत नव्हती, स्वतःला सांगत होती.

कडं त्याच्या मनगटाच्या हाडापाशी पोचलं.

"नको, बाळा," मावशी म्हणाली. "तू नको घालू. माझा मुलगा गेला. हे त्याच्याबरोबर जायचंय."

डेल्बर्टने कडं काचेवर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकला. नादिरचा चेहरा पडला. त्याने रेडिओ बंद केला. कोणी सांत्वन केलं नाही, ते बरं झालं. मावशीच्या तोंडून ते बाहेर पडलं होतं आणि आता ती काचेला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

डेल्बर्ट हळूच म्हणाला, "आई, कडं एका बाजूने उघडं असतं, कमीजास्त मी वाकवून देईन. पण साधारण तरी सांगा. केवढं होतं?"

मावशीने अंगठा आणि मधलं बोट जुळवून त्याला दाखवलं. "एवढं."

नादिर चटकन बोलून गेला, "हे तर लहान पोराचं झालं."

"नऊ वर्षांचा होता," मावशी म्हणाली. "त्याला वसतिगृहाच्या शाळेत न्यायला बस आली होती. हात ओढून पळत होता, म्हणून मनगट धरून नेलं मी. बसमध्ये चढेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर मी त्याचं मनगट कधी धरलंच नाही."

डेल्बर्टने चष्मा काढून पुसला, उगीचच पुसत राहिला. मग कडं घेऊन खिडकीपाशी गेला, लोखंडी दांड्यावर चढवलं आणि लाकडी हातोडीने ठोकून थोडं मोठं केलं. वेल्डिंग करणाऱ्याचं मनगट जाड असतं, असं म्हणाला. भाव नादिरने सांगितला तो मावशीने दिला. कमी करायला लागला तर तिने हात वर करून त्याला थांबवलं.

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दफनाची तयारी करणाऱ्यांकडे पोचलो. रीत अशी की सामान दारात द्यायचं आणि निघायचं. आपण आत जात नाही, बघत नाही, शिवत तर नाहीच. ते काम परक्यांचं, म्हणून तर त्यांना पैसे देतात. दारातल्या माणसाने शर्ट घेतला, बूट घेतले. कड्यासाठी हात पुढे केला.

"हे मी घालते," मावशी म्हणाली.

"मावशी!" मी तिचा दंड पकडला. "वेड लागलंय का तुला? घरी म्हातारी माणसं काय म्हणतील?"

"म्हणू देत. सोड, रोशेल."

मी सोडलं. आत गेले नाही. मला भीती वाटली, आणि ते कबूल करायला मला लाज नाही. गाडीत बसून मी घड्याळाकडे बघत राहिले. सव्वाचार झाले, साडेचार झाले.

मावशी बाहेर आली ती भिंतीचा आधार घेत. गाडीचं दार तिला उघडता येईना, मी आतून उघडलं. बसली आणि रडायला लागली. तोंड उघडून, आवाज करून, तीनशे पोरांपैकी कोणीही रडेल तशी. मला तिला शिवायचं नव्हतं. अजून तिची शुद्धी व्हायची होती. तरी मी तिचा हात हातात घेतला.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "बसलं. धरून बसवलं मी. या खेपेला हात ओढला नाही त्याने."